पहिल्या फेरीतील पराभव : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिरूर आणि दौंड या तालुक्यांत कुस्ती-कबड्डीची पारख जाणत्या माणसाला उपजतच असते. कोणाचा डाव कुठे फसला हे तो आखाड्याच्या कडेला उभा राहून सांगू शकतो. टेनिसविषयी मात्र, आणि विशेषतः उदयोन्मुख टेनिसपटूच्या आरंभीच्या वर्षांविषयी, आपल्याकडे अनेक भ्रामक समजुती रूढ आहेत, आणि त्यांच्यापायी पालकांचे निर्णय चुकतात व होतकरू मुलांचे अकारण खच्चीकरण होते. म्हणून त्यांचे निरसन करणे अगत्याचे आहे.

गैरसमज : मोठ्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरणारा मुलगा कच्चा असतो.

वस्तुस्थिती : पुण्याचा मानस धामणे २९ डिसेंबर २००७ रोजी जन्मला. जानेवारी २०२३ मध्ये, वयाची पंधरा वर्षे नुकतीच पुरी झालेली असताना, बालेवाडीच्या ‘टाटा ओपन महाराष्ट्र’ या एटीपी, म्हणजे पुरुष व्यावसायिक टेनिसपटूंच्या संघटनेच्या, स्पर्धेच्या मुख्य फेरीत त्याला वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारीची अट शिथिल करून आयोजकांनी दिलेली प्रवेशाची सनद, लाभली. अमेरिकेच्या मायकेल मोहने त्याला २-६, ४-६ असे हरवले. हा प्रतिस्पर्धी त्याच्याहून जवळजवळ दहा वर्षांनी मोठा आणि व्यावसायिक स्पर्धांत मुरलेला होता, हे ध्यानात घेतले, आणि पहिल्या सेटमध्ये दोनच गेम घेणाऱ्या मुलाने दुसऱ्यात चार घेतले हे पाहिले, म्हणजे त्या आकड्यांत नामुष्की नसून एका कोवळ्या खेळाडूची जिद्द आहे हे कळून येते.

गैरसमज : एकदा वरच्या स्पर्धेत खेळलेला खेळाडू लहान स्पर्धांत दिसला, तर त्याची घसरण झाली.

वस्तुस्थिती : वाइल्ड कार्डाने प्रवेश मिळतो, क्रमवारी मिळत नाही, ती गुण जोडून कमवावी लागते. सर्वांत खालच्या पायरीवरील एम-१५ स्पर्धेत एकूण बक्षिसाची रक्कम १५ हजार डॉलर असते आणि विजेत्याला अवघे १५ गुण मिळतात. एटीपी २५० दर्जाची स्पर्धा जिंकणाऱ्यास २५०, तर ग्रँड स्लॅमच्या विजेत्यास २००० गुण मिळतात. शिवाय हे गुण ५२ आठवड्यांनी खात्यातून वजा होत असल्याने कमावलेले टिकवण्यासाठी पुन्हा तितकेच कमवावे लागते. मानसने आपले पहिले व्यावसायिक विजेतेपद २०२५ मध्ये ट्युनिशियातील मोनास्तिर येथे, अशाच एम-१५ स्पर्धेत मिळवले. बालेवाडीनंतरची ही दोन वर्षे उमेदवारीची होती. त्यांना घसरण म्हणणे अन्यायाचे आहे.

गैरसमज : कुमार गटातील अव्वल क्रमांक म्हणजे पुढील यशाची हमी.

वस्तुस्थिती : नॉर्वेचा कॅस्पर रूड जानेवारी २०१६ मध्ये कुमारांच्या जागतिक क्रमवारीत पहिला होता, वडील ख्रिस्तियान हे स्वतः व्यावसायिक टेनिसपटू, म्हणजे मार्गदर्शन घरातच. तरीही पहिले एटीपी विजेतेपद त्याच्या हाती लागण्यास फेब्रुवारी २०२० उजाडावे लागले. ब्यूनोस आयर्स येथील ते विजेतेपद नॉर्वेच्या इतिहासातलेही पहिलेच होते. पुढे २०२२ मध्ये फ्रेंच आणि अमेरिकन या दोन्ही खुल्या स्पर्धांच्या अंतिम फेऱ्या गाठून तो जगात दुसरा झाला. आपल्याकडे युकी भांब्रीने २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचे कुमार विजेतेपद पटकावले. परंतु दुखापतींनी त्याची एकेरीतील वाटचाल वारंवार अडवली.

गैरसमज : टेनिस हा महानगरातील धनिकांचाच खेळ.

वस्तुस्थिती : खर्च मोठा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मानसचा सराव इटलीतील बोर्दिगेरा येथे, रिकार्डो पियाती यांच्या अकादमीत झाला. इटलीचा आघाडीचा टेनिसपटू यानिक सिनरही तेथेच घडला. पण आरंभ परदेशातच झाला पाहिजे असे नाही. दौंडहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच्या श्रीरामपुरात जन्मलेली, पोलीस खात्यातील अधिकाऱ्याची कन्या ऋतुजा भोसले हिने रोहन बोपण्णाच्या साथीने हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत, २०२३ मध्ये, मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. आणि १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडीचे क्रीडासंकुल आपल्याच जिल्ह्यात आहे.

शिरूर-दौंडच्या पालकांनी मुलाचा जन्मदाखला घेऊन वयोगटातील स्पर्धांसाठी नोंदणी अवश्य करावी. मात्र तो सामना हरून परतला, तर ‘हरलास का?’ या प्रश्नाआधी, समोर कोण होता, त्याचे वय काय होते आणि दुसऱ्या सेटमध्ये किती गेम मिळाले, हे विचारावे. आरंभीच्या वर्षांतील प्रगतीचा खरा हिशेब त्याच उत्तरांतून लागतो.