नाव, गाव आणि यंत्र

धार व देवास येथील मराठी कुटुंबांना खंडवा आणि बऱ्हाणपूर ही स्थानके परकी नाहीत. महाराष्ट्राकडे जाणाऱ्या वाटेवरची ती ओळखीची ठिकाणे होत. त्याच टापूत घडलेल्या एका सत्यकथेवर गार्थ डेव्हिस यांनी २०१६ साली ‘लायन’ हा चरित्रपट काढला. यंत्राने एक नाते तोडले व यंत्रानेच ते पुन्हा जोडले, असे या चित्रपटाविषयी सामान्यतः म्हटले जाते. यांतील पूर्वार्ध निर्विवाद आहे. उत्तरार्ध मात्र आम्हांस अर्धाच खरा वाटतो.

खंडव्याच्या गणेश तलाई वस्तीतील पाच वर्षांचा सरू १९८६ साली थोरला भाऊ गुड्डू याच्यासह बऱ्हाणपुरास गेला. भावाची वाट पाहता पाहता तो उभ्या गाडीत शिरून झोपी गेला आणि अखेर कलकत्त्यास जाऊन पोहोचला. तेथील भाषा त्यास कळेना. गावाचे नाव तो ‘गिनेस्टले’ असे काहीसे सांगे, आणि त्या नावाचे गाव कोणासच ठाऊक नव्हते. १९८७ मध्ये टास्मानियातील होबार्ट येथील सू व जॉन ब्रायर्ली या दांपत्याने त्यास दत्तक घेतले.

प्रौढपणी त्याने ‘गूगल अर्थ’ या संगणकीय साधनाद्वारे उपग्रहांनी टिपलेली छायाचित्रे पाहण्यास आरंभ केला. गाडीचा अंदाजे वेग आणि प्रवासाचे तास यांवरून त्याने कलकत्त्याभोवती एक वर्तुळ कल्पिले व रात्रीमागून रात्री लोहमार्ग धुंडाळले. २०११ मध्ये स्थानकाजवळील पाण्याची टाकी दिसली, आणि बऱ्हाणपुराहून रूळ धरून तो पडद्यावरच खंडव्यास पोहोचला. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. यंत्रापाशी साऱ्या पृथ्वीचे चित्र होते, पण त्यातले घर कोणते हे त्यास ठाऊक नव्हते. ते ठाऊक होते एका अनवाणी पोराच्या पायांना.

२०१२ मध्ये तो प्रत्यक्ष आला तेव्हा जुन्या घरास कुलूप होते. आई मात्र जवळच राहत होती. मुलगा परतेल या आशेने तिने ती वस्ती सोडलीच नव्हती. ती अन्यत्र गेली असती, तर उपग्रहाने त्यास केवळ एक कुलूप दाखविले असते! लेक हिंदी विसरलेला. मायलेकांमध्ये दुभाषी लागला. योसेफही भावांशी दुभाष्यामार्फत बोलला, परंतु त्यास त्यांची भाषा कळत होती. येथे तेवढाही आधार नव्हता. गुड्डू त्याच सुमारास रुळांवर मरण पावला होता, हे त्यास तेव्हा कळले. आणखी एक गोष्ट कळली. त्याचे खरे नाव सरू नव्हते, शेरू होते. चित्रपटाचे नाव त्यावरूनच आले आहे. पंचवीस वर्षे बोबड्या उच्चारात वागविलेले नाव कोणत्याही नकाशात सापडण्याजोगे नव्हते.

चित्रपटात संगणकापुढील दृश्ये काहीशी लांबली आहेत, असे आमचे मत आहे. त्यांहून मोलाचा भाग दत्तक मातेचा. निकोल किडमन यांनी ती भूमिका केली आहे. तिला दुःख होईल या भयाने मुलगा आपला शोध तिच्यापासून लपवितो आणि त्यायोगेच घरात दुरावा येतो. दत्तक मुलांच्या मनातील हा प्रश्न ज्या पाळकांपुढे व धर्मशिक्षकांपुढे येतो, त्यांनी हा भाग अवश्य पाहावा. जन्मदात्रीचा शोध म्हणजे कृतघ्नता नव्हे, हे येथे उपदेशावाचून दिसते.

शेवटी खरीखुरी चित्रफीत दाखविली आहे. तीत सू ब्रायर्ली खंडव्याच्या त्या आईस भेटतात. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. त्या एकमेकींना मिठी मारतात, आणि मुलगा मध्ये उभा असतो.