तपकिरी बटू ताऱ्यांचे हवामान : अवकाश दुर्बिणींचा वेध

हवामान म्हटले की ढग, वारा, पाऊस आणि या साऱ्यांना चालना देणारी सूर्याची उष्णता यांचा विचार मनात येतो. परंतु कोणत्याही सूर्याभोवती न फिरणाऱ्या एकाकी ज्योतींवरही ढग दाटतात आणि वादळी वारे वाहतात. तपकिरी बटू तारे हे त्याचे ठळक उदाहरण होय.

तारा आणि ग्रह यांच्या सीमेवर

तपकिरी बटू ताऱ्याचे वस्तुमान सर्वसाधारणपणे गुरू ग्रहाच्या १३ ते ८० पटींच्या दरम्यान असते. त्याच्या गाभ्यात ड्युटेरियमचे संमीलन काही काळ होते. मात्र हायड्रोजनचे संमीलन स्थिरपणे चालू राहण्याइतके तापमान तेथे निर्माण होत नाही. त्यामुळे जन्मतः साठलेली उष्णता उत्सर्जित करीत तो आयुष्यभर थंड होत जातो. अशा ज्योतींची सैद्धांतिक मांडणी भारतात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ शिव कुमार यांनी १९६०च्या दशकाच्या प्रारंभी केली. 'तपकिरी बटू' या अर्थाचे इंग्रजी नाव जिल टार्टर यांनी १९७५ मध्ये सुचविले. निर्विवाद शोधासाठी मात्र १९९५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ग्लीझ २२९ बी या ज्योतीच्या वर्णपटात मिथेन आढळला. ही एक नसून परस्परांभोवती फिरणारी जोडी असल्याचे २०२४ मध्ये स्पष्ट झाले.

खनिजांचे ढग

तापमानानुसार तपकिरी बटूंचे एल, टी आणि वाय असे प्रमुख वर्ग केले जातात. एल वर्गातील उष्ण वातावरणात लोह व सिलिकेट खनिजांची वाफ संघनित होऊन ढग बनतात. तापमान सुमारे १,००० अंश सेल्सिअसपर्यंत उतरले की हे ढग दिसेनासे होऊ लागतात आणि टी वर्गात मिथेनचा प्रभाव वाढतो. ढग खोल बुडतात की विरून त्यांत फटी पडतात, हा आजही संशोधनाचा विषय आहे. २०१४ मध्ये जाहीर झालेला वाईज ०८५५ हा वाय वर्गातील बटू तर इतका थंड आहे की, त्याचे तापमान पाण्याच्या गोठणबिंदूच्या आसपास आहे.

अवकाशातूनच का?

या ज्योतींचा बहुतांश प्रकाश अवरक्त असतो. पृथ्वीच्या वातावरणातील बाष्प त्याचा मोठा भाग शोषून घेते. शिवाय पृथ्वीचे स्वतःचे उष्मीय प्रारणही निरीक्षणात अडथळा आणते. अवकाश दुर्बीण या दोन्हींतून मुक्त असते आणि दिवस-रात्रीचा खंड न पडता तासन्‌तास वेध घेऊ शकते.

इतक्या दूरवरचे ढग प्रत्यक्ष दिसत नाहीत. बटू स्वतःभोवती फिरताना त्याचे ढगाळ व निरभ्र भाग आळीपाळीने समोर येतात आणि तेजस्विता कमी-अधिक होते. या बदलांच्या आलेखावरून ढगांची मांडणी ताडता येते. २००३ ते २०२० या काळात कार्यरत असलेल्या स्पिट्झर दुर्बिणीच्या दीर्घ निरीक्षणांतून, तीन बटूंवर पट्ट्यांच्या स्वरूपात फिरणाऱ्या वातावरणीय लहरी असल्याचे अनुमान २०१७ मध्ये मांडले गेले.

२०२० मध्ये वाऱ्याचा वेगही मोजला गेला. रेडिओ लहरी चुंबकीय क्षेत्रामार्फत अंतर्भागाचे परिवलन सांगतात, तर अवरक्त प्रकाश ढगांचे. सुमारे पावणेदोन तासांत एक फेरी पूर्ण करणाऱ्या एका बटूवर ढगांची फेरी जवळपास एक मिनिट आधी पूर्ण होत होती. या फरकावरून वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २,३०० किलोमीटर निघाला.

वेब दुर्बिणीचे योगदान

डिसेंबर २०२१ मध्ये प्रक्षेपित झालेली जेम्स वेब दुर्बीण अनेक तरंगलांबींवर एकाच वेळी निरीक्षण करते. प्रत्येक तरंगलांबीचा प्रकाश वातावरणाच्या वेगवेगळ्या खोलीतून येत असल्याने थरांचा स्वतंत्र अभ्यास शक्य होतो. ग्रह आणि बटू यांच्या सीमारेषेवरील सिंप ०१३६ या ज्योतीचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले विश्लेषण याच प्रकारचे आहे. त्यात खोलवर लोहाचे, त्यावर सिलिकेटचे ढग आणि वरच्या थरात तापमानातील फरक यांचे संकेत मिळाले.

परग्रहांचे वातावरण त्यांच्या ताऱ्याच्या झगमगाटामुळे अभ्यासणे कठीण जाते. एकाकी तपकिरी बटूंबाबत ही अडचण नसते. म्हणूनच त्यांच्यावरील ढग व वारे समजून घेणे, ही दूरच्या महाकाय ग्रहांच्या हवामानाचे आकलन होण्यासाठीची आवश्यक पूर्वतयारी ठरते.