घरांतील पहिलें सूक्ष्मदर्शक

मुलांसाठीं सूक्ष्मदर्शक घ्यावयाचें ठरलें कीं पालकांची दृष्टि प्रथम खोक्यावरील आंकड्याकडे जाते. ‘१,२०० पट’ असें छापलेलें खेळण्यांतलें यंत्र बहुधा स्वस्तही असतें. आणि फसगत होते ती येथेंच. प्रतिमा मोठी करणें निराळें, तींतील बारकावा उलगडणें निराळें. वस्तूपासून निघणाऱ्या प्रकाशाचा किती रुंद झोत भिंग आंत घेतें, ह्यावर बारकावा अवलंबून असतो. आणि उत्तम भिंगासही साध्या प्रकाशांत मिलिमीटरच्या सुमारें ५,००० व्या भागाहून लहान अंतर उलगडत नाहीं. प्लॅस्टिकच्या भिंगांतून दिसणारा धुरकट डाग पाहून मूल यंत्रास क्वचितच दोष देतें. आपल्यालाच पाहतां येत नाहीं, असें तें समजतें, आणि यंत्र माळ्यावर जातें.

सात-आठ वर्षांच्या मुलास २० ते ४० पट दाखविणारें, दोन्ही डोळ्यांनीं पाहावयाचें, वरून उजेड देणारें यंत्र अधिक मानवतें. मुंगी, मीठ, पैठणीचा पदर, कांहींही तसेंच खालीं ठेवावें. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत लेथवर निघणारी पोलादाची कातरण (धार असते, म्हणून मोठ्यांनींच कागदावर चिकटवून द्यावी) त्याखालीं ठेवली तर हत्याराचे ओरखडे स्पष्ट दिसतात. खालून उजेड देणाऱ्या यंत्रांत तीच कातरण केवळ काळी सावली होते.

दहा वर्षांपुढें ४० ते ४०० पटींचें यंत्र घ्यावें. भिंगें कांचेचीं, सांगाडा धातूचा, आणि जाड व बारीक असे दोन्ही फिरकी-खिळे हवेत. अशीं यंत्रें हरियाणांतील अंबाल्यास पुष्कळ बनतात. आरसा असल्यास तो सूर्याकडे कदापि वळवूं नये, डोळा जावयाचा! पैसे अगदींच थोडे असतील तर मनु प्रकाश व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्टॅनफर्ड येथें तयार केलेलें, २०१४ सालीं जाहीर झालेलें कागदी ‘फोल्डस्कोप’ सुमारें १४० पट दाखवितें. खेळण्यापेक्षां तें केव्हांही चांगलें.

पिंपरीस १९५४ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सच्या कारखान्यांत ज्या कुळांतील बुरशीपासून पेनिसिलिन काढीत, त्याच कुळांतील हिरवट-निळी बुरशी घरच्या लिंबावर धरते. औषध मात्र तिच्यापासून होत नाहीं. पारदर्शक चिकटपट्टी हलकेंच टेकवून तिचा नमुना घ्यावा, पट्टी कांचेवर दाबून बसवावी. दम्याच्या मुलास दूर ठेवावें. वस्तुभिंग दहाचें लावावें. मग तंतूंचें जाळें आणि त्यांत विखुरलेले बीजाणूंचे पुंजके दिसूं लागतात.