तिसरे वाण

मैत्रिणींनो, गेल्या वर्षी मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी तुम्ही काय केलेत? मी काय केले ते आधी सांगते, म्हणजे तुम्हांला सांगायला संकोच वाटणार नाही. मी बाजारातून एक कार्ड आणले. गुलाबी, वर मखमली फुले, आत चार ओळी छापलेल्या. त्याखाली घाईघाईने सही केली, सोबत सुक्या मेव्याचा एक डबा बांधला आणि माहेरच्या गावी निघालेल्या ओळखीच्यांच्या हाती दिला. सकाळपासून मोबाईलवर आईच्या महतीची चित्रे येत होतीच, त्यांतले एक निवडून तेही पुढे पाठवून दिले. झाले! वर्षाचे कर्तव्य पार पडले.

संध्याकाळी आईचा फोन आला. "कार्ड पोचलं गं. छान आहे. पण तू त्यात काहीच लिहिलं नाहीस? तुझं अक्षर तरी बघायला मिळालं असतं."

मी हसून वेळ मारून नेली. सासूबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही. आईला कुठे एक दिवस असतो का?" तेव्हा त्यांचे बोलणे मला जुन्या वळणाचे वाटले.

विषय तिथेच संपला असता. पण मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. जुलैमध्ये मोठ्या बाईंनी बोलावून सांगितले, "पिठोरी अमावास्येला आपल्याकडे मातृदिन असतो. आदल्या शनिवारी मुलींना दहा मिनिटं काहीतरी सांगा. मात्र तेच तेच नको!" आता 'तेच तेच नको' म्हटल्यावर वाचणे आले. दुपारी ओटा आवरून झाला की मी पुस्तके घेऊन बसू लागले. आणि खरे सांगू? जे वाचले त्याने मुलींचे काय झाले ते माहीत नाही, माझी मात्र झोप उडाली.

मेमधला हा मातृदिन आला अमेरिकेतून. तिथे आज पश्चिम व्हर्जिनिया म्हणतात त्या डोंगराळ भागात ॲन रीव्हज जार्व्हिस नावाची एक संसारी बाई राहत होती. जन्म 1832 चा. तिला डझनभर मुले झाली, पण मोठी झाली ती अवघी चार. बाकीची गोवर, घटसर्प यांसारख्या साथींनी नेली. एकेक पाळणा रिकामा होताना तिने काय सोसले असेल, ते आपण बायकांनी निराळे सांगायला नको.

पण ॲन नुसती रडत बसली नाही. 1858 मध्ये तिने आसपासच्या गावांतल्या आयांना गोळा करून मंडळे काढली. स्वतःचा भाऊ डॉक्टर होता, त्याची मदत घेतली. या बायका घरोघरी जाऊन स्वच्छता शिकवीत, बाटलीतले दूध आणि अन्न तपासून पाहत, औषधांसाठी पैसे जमवीत. एखाद्या घरात आईच क्षयाने अंथरुणाला खिळली असेल, तर त्या घरचे काम करायला पगारी बाई लावून देत. बघा हं, 'मातृदिना'च्या मुळाशी फुले नव्हती, मिठाई नव्हती. मुले जगली पाहिजेत म्हणून पदर खोचून उभ्या राहिलेल्या बायका होत्या!

पुढे 1861 मध्ये तिथे यादवी युद्ध पेटले. एकाच गावातले तरुण दोन सैन्यांत विभागले गेले. मंडळातल्या बायकांनी मात्र कोण कोणत्या बाजूचा हे न विचारता जखमी आणि आजारी शिपायांची शुश्रूषा केली. युद्ध 1865 मध्ये संपले, तरी मनातली आग विझली नव्हती. तेव्हा 1868 मध्ये ॲनने दोन्ही बाजूंच्या सैनिकांना त्यांच्या आयांसह एका ठिकाणी बोलावले. दंगल होईल अशी धास्ती होती. झाले उलटेच. कालचे वैरी एकमेकांचे हात हातात घेऊन रडले, असे सांगतात. आईच्या देखत मुले किती वेळ भांडणार?

ॲनची एक मुलगी होती, ॲना. आई आणि लेकीच्या नावांत घोटाळा करू नका, माझा पहिल्यांदा झाला होता! ॲन रविवारच्या धर्मशाळेत मुलांना शिकवीत असे. ॲना बारा वर्षांची असताना एकदा धडा संपल्यावर आईने प्रार्थना केली, की बायका जगासाठी जी सेवा करतात तिची आठवण ठेवणारा एखादा दिवस कुणीतरी, कधीतरी सुरू करो. लेकीने ते शब्द मनात जपून ठेवले. 9 मे 1905 रोजी ॲन वारली आणि ॲनाने तो दिवस आणण्याचा ध्यासच घेतला.

पुढाऱ्यांना, धर्मोपदेशकांना, संपादकांना तिने ढिगांनी पत्रे लिहिली. 10 मे 1908 रोजी ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये पहिला मातृदिन झाला. ॲना स्वतः फिलाडेल्फियाला होती, पण तिने तिथे 500 पांढरी कार्नेशनची फुले पाठवली. आईचे आवडते फूल होते ते. सहा वर्षांनी, 1914 मध्ये, राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी मे महिन्यातला दुसरा रविवार मातृदिन म्हणून जाहीर केला. एका एकट्या, अविवाहित बाईने पत्रे लिहून लिहून देशाला सण दिला!

दिवसाच्या इंग्रजी नावात तिने 'आई' हा शब्द मुद्दाम एकवचनी ठेवला. साऱ्या जगाच्या आयांचा जयजयकार करायचा नाही, ज्याने त्याने आपापल्या घरातल्या एका आईची आठवण करायची, असा तिचा आग्रह होता.

इथवर गोष्ट गोड आहे. पुढची ऐका. बघता बघता फुलवाल्यांनी मे महिन्यात फुलांचे भाव वाढवले. छापील कार्डे निघाली, मिठाईचे डबे निघाले. ॲना संतापली. छापील कार्ड म्हणजे आईला दोन ओळी लिहिण्याचाही आळस, असे ती उघड म्हणू लागली. 1923 मध्ये मिठाईवाल्यांच्या अधिवेशनात शिरून तिने जाब विचारला. 1925 मध्ये एका मेळाव्यात कार्नेशनची विक्री चालली होती, तिथे गोंधळ घातल्याबद्दल तिला पोलिसांनी धरले. खटले, पत्रके यांत जवळचा सारा पैसा गेला. म्हातारपणी तर हा दिवसच रद्द करा म्हणून ती सह्या गोळा करीत होती. 1948 मध्ये एका रुग्णाश्रमात ती वारली, तेव्हा तिच्यापाशी काही उरले नव्हते.

'छापील कार्ड म्हणजे आळस' हे वाचले आणि माझ्या कानात आईचे शब्द वाजले. "तुझं अक्षर तरी बघायला मिळालं असतं."

मग मी आपल्या पिठोरीकडे वळले. तुमच्यापैकी कित्येकींकडे श्रावणातल्या अमावास्येला हे व्रत असेल. दिवसभर उपास, संध्याकाळी चौसष्ट योगिनींची पूजा, खीर-पुरीचे वाण. आई वाण घेऊन मुलांकडे पाठ करून बसते आणि विचारते, "अतिथी कोण?" मागून मूल म्हणते, "मी आहे," आणि आई मागे न बघता ते वाण देते. लहानपणी ही आम्हांला मोठी गंमत वाटे.

तिची कहाणीही तुम्ही ऐकली असेल. पण या खेपेला नीट ऐका. एका घरी दर श्रावणी अमावास्येला श्राद्ध असायचे, आणि नेमके त्याच दिवशी सून बाळंत व्हायची. मूल जायचे, ब्राह्मण उपाशी उठायचे. सातव्या वेळी घरच्यांनी मेलेले मूल तिच्या ओटीत घालून तिला रानात हाकलून दिले. तिथे योगिनी पूजेला आल्या, नैवेद्य दाखवून त्यांनी विचारले, अतिथी कोण आहे? सून पुढे होऊन म्हणाली, मी आहे. आणि तिची सातही मुले तिला परत मिळाली.

मैत्रिणींनो, मी पुस्तक मिटले आणि तशीच बसून राहिले. कुठे अमेरिकेतले ते गाव आणि कुठे आपली पिठोरी! पण दोन्हींच्या मुळाशी एकच बाई आहे, जिची मुले जगत नाहीत अशी. आपण ज्याला कौतुकाचा दिवस म्हणतो तो मुळात भीतीचा आणि दुःखाचा दिवस आहे.

आणि मला एकदम आमच्या घरातले तिसरे वाण आठवले.

आम्ही दोघेच भावंडे, मी आणि धाकटा भाऊ. पण आई दरवर्षी वाणे तीन करायची. माझे झाले, भावाचे झाले, की ती तिसरे वाण हाती घेऊन आणखी एकदा हळूच विचारायची, "अतिथी कोण?" आम्ही मागे फिदीफिदी हसायचो. थोडा वेळ थांबून ती उठायची आणि ते वाण तुळशीपाशी ठेवायची. "हे कुणाचं?" विचारले तर म्हणायची, "देवाचं." आम्हीही कधी फिरून विचारले नाही. खीर-पुरीवर लक्ष!

त्या रात्री मी आईला पत्र लिहिले. लग्नानंतरचे बहुधा पहिलेच. ॲनची हकिकत लिहिली आणि शेवटी विचारले, "आई, तिसरं वाण कुणाचं होतं?"

आठ दिवसांनी उत्तर आले. वहीचे दोन कागद, पाठपोट. आईने लिहिले होते की माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता. 1984 साली गावात गोवराची साथ आली, तेव्हा तो अकरा महिन्यांचा होता. गोवर म्हणजे देवी अंगात आलेली, औषध द्यायचे नसते, असे घरातली मोठी माणसे म्हणाली. ती वीस वर्षांची होती, तिचे कोण ऐकणार? पाचव्या दिवशी तो गेला. त्याचे नाव तिने पत्रात लिहिले आहे. ते मी इथे लिहीत नाही, ते तिचे आहे. शेवटी लिहिले होते, "इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलंच नाही. तू विचारलंस, बरं वाटलं."

मैत्रिणींनो, सरकारच्या लसीकरण कार्यक्रमात गोवराची लस आली ती 1985 मध्ये. एका वर्षाचे अंतर! ते पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाल्या, "माझ्याही दोन गेल्या." आमच्या लग्नाला बारा वर्षे झाली, आणि ही गोष्ट मला त्या दिवशी कळली.

पिठोरीला मी आईकडे गेले. संध्याकाळी तिने तीन वाणे केली. माझे झाले, भावाचे झाले. तिसऱ्या वेळी तिने विचारले, "अतिथी कोण?" या खेपेला आम्ही हसलो नाही. भावाने माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघांनी मिळून त्याचे नाव घेतले. आई मागे वळली नाही. तिचे हात थोडे थरथरले, एवढेच. मग नेहमीप्रमाणे तिने वाण तुळशीपाशी ठेवले.

आता पुन्हा मे महिना आला आहे. कार्डे आणू नका, असे मी मुळीच म्हणत नाही. ॲनासारखे भांडायला आपल्याला वेळ कुठे आहे? पण चार साध्या गोष्टी सुचवते, बघा पटतात का.

पहिली, कार्ड आणलेत तर त्यात स्वतःच्या अक्षरात दहा ओळी लिहा. आईची नजर मंदावली असेल तर अक्षर मोठे काढा. 'तू महान आहेस' असे लिहू नका. एखादी खरी आठवण लिहा. तिने कधी तुमच्यासाठी रात्र जागवली असेल, कधी स्वतःची पाटली मोडून फी भरली असेल.

दुसरी, तिला एक प्रश्न विचारा, जो आजवर विचारला नाही. लग्नाआधी तिला काय व्हायचे होते? ती कशाला भ्यायची? घाई करू नका. भाजी निवडताना, शेंगा सोलताना विचारलेत तर उत्तर सहज येते. समोरासमोर बसवून विचारलेत तर ती "काही नाही गं" म्हणेल!

तिसरी, हाच प्रश्न सासूबाईंनाही विचारा. त्याही कुणाच्या तरी आई आहेत, आणि त्यांच्या लेकी बहुधा लांब असतात.

आणि चौथी, जी ॲनला सर्वांत जास्त आवडली असती. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईचे, शेजारच्या बांधकामावरच्या मजूर बाईचे बाळ लहान असेल, तर त्याचे लसीकरणाचे कार्ड पाहा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस 9 ते 12 महिन्यांत आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांत द्यायचा असतो. सरकारी केंद्रात तो फुकट मिळतो. राहिला असेल तर त्या दिवशी तिला कामाला सुट्टी द्या, पैसे न कापता. जमले तर बरोबर जा. एवढे केलेत तरी पुरे.

आणि हो, गेल्या वर्षीचे ते गुलाबी कार्ड आईने जपून ठेवले आहे. पिठोरीच्या रात्री मी ते मागून घेतले आणि छापील ओळींच्या समोरच्या कोऱ्या पानावर, दिव्याखाली बसून, लिहायचे राहिलेले सारे लिहून काढले. आईने चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि म्हणाली, "अक्षर बिघडलंय हं तुझं. रोज लिहीत जा."