दंशानंतरची मुदत

बहुतेक व्याधी आपले आगमन ज्वराने, वेदनेने किंवा निदान अशक्तपणाने तरी कळवितात. परंतु पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून जखमेत शिरलेला रेबीजचा विषाणू रक्ताच्या राजमार्गाने न जाता मज्जातंतूंच्या आडवाटेने, कोणास सुगावा लागू न देता, मेंदूकडे सरकत राहतो, आणि तोवर जखम भरून येते, खपली पडते, घरची मंडळी तो प्रसंग विसरूनही जातात. ही मुदत बहुधा एक ते तीन महिन्यांची, क्वचित वर्षाहून दीर्घ असते. दंश चेहऱ्यावर वा मानेवर असल्यास ती आखूड होते. पुढे जुन्या जखमेच्या जागी मुंग्या येतात, चित्त अस्वस्थ होते, आणि तहानेने व्याकूळ झालेल्या रोग्याने पाण्याचे भांडे ओठांशी नेताच घशाचे व श्वासाचे स्नायू असे आचके देतात की पाण्याच्या नुसत्या दर्शनाने तो भयभीत होतो. सुश्रुताने या जलत्रासाची गणना अरिष्टांत, म्हणजे मरणसूचक चिन्हांत, केली आहे. आजचे वैद्यकही तो निर्णय फारसा फिरवू शकलेले नाही.

जनावरांची लक्षणे अधिक फसवी. पिसाळलेले कुत्रे चावत सुटते हे सर्वश्रुत आहे, परंतु कधी ते जबडा लोंबता ठेवून अंधाऱ्या कोपऱ्यात मुकाट पडूनही राहते. आणि गोठ्यातील म्हैस लाळ गाळू लागली, घोगऱ्या आवाजात सारखी ओरडू लागली, चारा गिळेनाशी झाली, म्हणजे घशात काही अडकले असावे अशा समजुतीने धनी तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालतो. खेड्यापाड्यांत या रोगाविषयी प्रथम सांगावयाचे ते हेच, की अशा जनावराच्या तोंडात हात घालू नये, असे मला वाटते. कारण आपणास कुत्रे चावलेले नाही म्हणून तो बिचारा निर्धास्त असतो.

दंशानंतरच्या या मुदतीचाच उपयोग करून घेण्याची युक्ती लुई पाश्चर यांची. ६ जुलै १८८५ रोजी अल्सास प्रांतातून आणलेल्या जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलास सशाच्या वाळविलेल्या मज्जारज्जूची लस, आरंभी निस्तेज व पुढे क्रमाने जहाल अशी, टोचण्यात आली आणि तो वाचला. पाश्चर वैद्य नसल्याने सुई मात्र डॉ. ग्रांशे यांनी धरली. हिंदुस्थानात १९०० साली कसौलीस पाश्चर संस्था निघाली व तेथे डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस सिद्ध केली. पोटातील चौदा इंजेक्शनांची दहशत तिचीच! क्वचित पक्षाघात घडविणारी ती लस एकविसावे शतक उजाडेपर्यंत सरकारी दवाखान्यांत चालू राहावी, हे अनाकलनीय आहे. आता मोजकी इंजेक्शने दंडात घेऊन भागते. मात्र जखमेवर चुना वा तिखट न भरता ती तत्काळ साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुणे, आणि रक्त आले असल्यास जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन टोचून घेणे, यांस पर्याय नाही.

कुत्र्यांच्या बंदोबस्ताचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. १८३२ साली मुंबईत कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्यास इनाम लावले तेव्हा, ज्यांच्या धर्मात श्वानास पवित्र स्थान आहे त्या पारशी समाजाने दुकाने बंद करून दंगा केला. याउलट गोव्यात सरकारने मिशन रेबीज या संस्थेच्या साहाय्याने कुत्र्यांस मारण्याऐवजी जाळ्यांत धरून, लस टोचून, पुन्हा त्याच गल्लीत सोडण्याचा क्रम वर्षानुवर्षे चालविला, आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले.