संगणक-पडद्यावरील पाठांचे चित्रमुद्रण : फाईल-प्रारूप व कोडेक यांची निवड

सारांश : संगणकाच्या पडद्यावरील कृती मुद्रित करून तयार केलेले पाठ विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविताना फाईल-प्रारूप व कोडेक यांची निवड निर्णायक ठरते. प्रस्तुत लेखात या दोन संकल्पनांतील भेद, पडदा-चित्रणाचे वेगळेपण, आय.आय.टी. मुंबई येथील स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाचा दाखला आणि महाविद्यालयीन अध्यापकांना उपयुक्त ठरेल अशी कार्यपद्धती यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : पडदा-चित्रण, संक्षेपण, कोडेक, एमपी४, थिओरा, देवनागरी.

१. प्रस्तावना

पडद्यावर घडणारी कृती निवेदनासह मुद्रित करून शिकविण्याची पद्धत मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर महाविद्यालयांत रुळली. सांख्यिकीचे सूत्र स्प्रेडशीटमध्ये कसे लिहावे, लेखांकनाच्या नोंदी संगणकावर कशा कराव्यात, युनिकोडमध्ये मराठी टंकलेखन कसे करावे, हे विषय शब्दांत सांगण्यापेक्षा दाखविणे सोपे असते. मात्र पाठ तयार होणे आणि तो विद्यार्थ्याला वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सुमारे १,३०० मीटर उंचीवरील पाचगणीसारख्या ठिकाणी शिकणारा विद्यार्थी कृष्णेच्या खोऱ्यातील एखाद्या गावात राहत असेल, तेथे भ्रमणध्वनीचा संपर्क क्षीण असेल आणि हाती जुना फोन असेल, तर फाईल उतरविण्यास लागणारा वेळ, ती उघडणे आणि तिच्यातील अक्षर स्पष्ट दिसणे या तिन्ही कसोट्या एकाच वेळी उभ्या राहतात. यांपैकी एका कसोटीवर जरी पाठ उतरला नाही, तरी अध्यापकाचे श्रम वाया जातात.

२. प्रारूप आणि कोडेक यांतील भेद

एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही, वेबएम ही नावे कोडेकची नसून वेष्टनाची आहेत. वेष्टन म्हणजे डबा. त्यात चित्राचा प्रवाह, ध्वनीचा प्रवाह, उपशीर्षके आणि कोणता क्षण कोठे आहे याची सूची ठेवलेली असते. कोडेक म्हणजे त्या डब्यातील जिन्नस बारीक करून भरण्याची व पुन्हा मूळ रूपात आणण्याची रीत. एच.२६४ (२००३), थिओरा, व्हीपी९ (२०१३), एच.२६५ (२०१३), एव्ही१ (२०१८) हे चित्राचे, तर एएसी, व्हॉर्बिस व ओपस (२०१२) हे ध्वनीचे कोडेक होत. दोन फाईलींच्या नावाचा शेवट एमपी४ असाच असला, तरी एकीत एच.२६४ व दुसरीत एच.२६५ असू शकतो. पहिली फाईल चालते आणि दुसरी चालत नाही, या नेहमीच्या अनुभवाचे मूळ येथे आहे.

संक्षेपणाची गरज साध्या गणिताने स्पष्ट होते. १२८० × ७२० बिंदूंच्या एका चौकटीत ९,२१,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस ३ बाईट आणि सेकंदास १५ चौकटी धरल्यास दर सेकंदाला सुमारे ४१.५ एमबी, म्हणजेच दहा मिनिटांच्या पाठासाठी सुमारे २५ जीबी जागा लागेल. चित्रासाठी सेकंदास सरासरी ३०० किलोबिट व ध्वनीसाठी ६४ किलोबिट एवढा प्रवाह ठेवल्यास हाच पाठ सुमारे २७ एमबीमध्ये मावतो.

३. पडदा-चित्रणाचे वेगळेपण

कॅमेऱ्याने घेतलेल्या दृश्यात प्रत्येक क्षणी काही ना काही हलत असते. संगणकाचा पडदा मात्र बराच काळ स्थिर असतो. कोडेक काही अंतराने एक संपूर्ण चौकट साठवितो आणि मधल्या चौकटींत केवळ झालेला बदल नोंदवितो. त्यामुळे पडदा-चित्रणाची फाईल स्वभावतःच लहान होऊ शकते. अडचण वेगळीच आहे. बहुतेक कोडेक नैसर्गिक दृश्यांतील मंद छटांसाठी घडविलेले असून अक्षरांच्या तीक्ष्ण कडा त्यांना जड जातात. शिवाय ४:२:० या प्रचलित पद्धतीत प्रत्येक चार बिंदूंमागे रंगाची एकच नोंद ठेवली जाते. काळ्यावर लाल किंवा निळे अक्षर त्यामुळेच फिसकटलेले दिसते, पांढऱ्यावरील काळे अक्षर मात्र टिकून राहते. ४:४:४ पद्धतीत हा दोष नसतो. परंतु अनेक फोन तशी फाईल चालवीत नाहीत.

देवनागरीच्या बाबतीत हा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही. अनुस्वाराचा ठिपका पुसला गेला की ‘मंद’चा ‘मद’ होतो आणि रफार गेला की ‘कर्म’चे ‘कम’ होते. १९२० × १०८० बिंदूंचा पडदा मुद्रित करून तो नंतर लहान केल्यास सर्वप्रथम हेच अवयव हरवतात. मुद्रणापूर्वीच पडद्याचे मान १२८० × ७२० ठेवून अक्षरांचा आकार वाढविणे हा यावरील खात्रीचा उपाय होय.

४. स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाचा दाखला

महाराष्ट्रात या क्षेत्रातील सर्वांत ठळक उदाहरण आय.आय.टी. मुंबई येथील स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाचे आहे. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला हा प्रकल्प केंद्र शासनाच्या माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय मिशनच्या अर्थसाहाय्याने विस्तारला. सुमारे दहा मिनिटांचा पाठ, आधी लिहिलेली संहिता आणि शेजारी-शेजारी दोन खिडक्या उघडून पाहता पाहता करून बघण्याची रीत ही त्याची वैशिष्ट्ये. पडद्याचे चित्र तेच ठेवून निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत बदलले जाते. चित्र व ध्वनी हे वेष्टनातील स्वतंत्र प्रवाह असल्यानेच हे साधते.

मुक्त संगणकप्रणाली शिकविणाऱ्या या प्रकल्पात ओग वेष्टन व थिओरा कोडेक यांचा वापर झाला, हे त्याच्या उद्दिष्टाशी सुसंगत होते. थिओराचा उगम ऑन२ कंपनीने २००१ मध्ये खुल्या केलेल्या व्हीपी३ मध्ये असून त्याची १.० आवृत्ती २००८ मध्ये आली. स्वामित्वशुल्काचे बंधन त्यावर नव्हते. परंतु ॲपलच्या सफारीने त्याला स्वतःहून कधी आधार दिला नाही, आणि गूगल क्रोममधून तो काढून टाकण्याचा निर्णय २०२३ मध्ये जाहीर झाला. दुसरीकडे, एच.२६४ पेटंटबद्ध असूनही जवळजवळ प्रत्येक फोनच्या यंत्रणेत स्थिरावला. प्रेक्षकांना विनामूल्य दाखविल्या जाणाऱ्या महाजालावरील चित्रफितींवर शुल्क आकारले जाणार नाही, असे एमपीईजी एलए या परवाना-संस्थेने २०१० मध्ये जाहीर केले होते. तत्त्वतः मुक्त असणे आणि व्यवहारात सर्वत्र उघडणे या दोन गुणांचा मेळ आपोआप बसत नाही, हा यातून मिळणारा धडा आहे.

५. शिफारस केलेली कार्यपद्धती

(१) मुद्रण एमकेव्ही वेष्टनात करावे. एमपी४ची सूची सामान्यतः मुद्रणाच्या अखेरीस लिहिली जाते. पावसाळ्यात मध्येच वीज गेली तर संपूर्ण फाईल निरुपयोगी ठरू शकते. एमकेव्हीमध्ये तोवरचा भाग वाचतो. ओबीएस स्टुडिओसारख्या मुक्त प्रणालीत पुढे एमपी४ मध्ये वेष्टनबदल करता येतो व त्यात चित्राची प्रत घटत नाही.

(२) वितरणासाठी एमपी४ वेष्टन, एच.२६४ चित्र व एएसी ध्वनी ही जोडी निवडावी. एच.२६५ व एव्ही१ यांत फाईल आणखी लहान होते. मात्र जुन्या फोनमध्ये एव्ही१साठी स्वतंत्र यंत्रणा नसते, आणि एच.२६५ सर्वत्र चालेल याची हमी नसते.

(३) प्रवाहाचे प्रमाण ठरवून देण्याऐवजी हँडब्रेकसारख्या प्रणालीतील स्थिर-गुणवत्तेचा पर्याय वापरावा. एक्स२६४ मध्ये त्याचे मूलमान २३ आहे. आकडा जितका लहान, तितकी प्रत चांगली व फाईल मोठी. सेकंदास १० ते १५ चौकटी आणि एकमार्गी ध्वनी पुरेसा होतो.

(४) संपूर्ण चौकटींतील अंतर कमी ठेवावे. एक्स२६४ मध्ये हे अंतर मूलतः २५० चौकटींपर्यंत जाते, म्हणजे १५च्या गतीने जवळजवळ १७ सेकंद. कृती पुन्हा पाहण्यासाठी विद्यार्थी वारंवार मागे जातो. त्याच्यासाठी ७५ चौकटींचे, म्हणजे ५ सेकंदांचे अंतर सोयीचे.

(५) एमपी४ची सूची फाईलच्या आरंभी आणण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे संपूर्ण फाईल उतरण्यापूर्वी पाठ सुरू होतो. व्हॉट्सॲपवर फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. ‘व्हिडिओ’ म्हणून पाठविल्यास तिचे पुन्हा संक्षेपण होऊन अक्षरे बिघडतात.

(६) मूळ मुद्रण, स्वतंत्र ध्वनिफाईल व लिखित संहिता विभागात जतन करावी. ४ जीबीहून मोठी फाईल एफएटी३२ रचनेच्या पेनड्राईव्हवर मावत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

६. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, वितरणाची प्रत आजच्या सर्वांत साध्या फोनसाठी आणि जतनाची प्रत उद्याच्या अज्ञात यंत्रासाठी तयार करावी लागते. कोणताही कोडेक चिरकाल टिकत नाही. मूळ मुद्रण हाती असेल तर नव्या प्रारूपात जाणे हे एका रात्रीचे काम ठरते, अन्यथा पाठ पुन्हा शिकवावा लागतो. पाठ प्रसारित करण्यापूर्वी तो वर्गातील सर्वांत जुन्या फोनवर उघडून अनुस्वार व रफार वाचता येतात की नाही, एवढे जरी प्रत्येक अध्यापकाने पाहिले, तरी प्रारूपाची निवड योग्य झाली की नाही याचा निर्णय मिळू शकेल.