उलार आणि धुरजड

बैलगाडीत मागे भार जास्त झाला, की जू वर उचलले जाते आणि सापत्या बैलांच्या गळ्याला काचतात. गाडी 'उलार' झाली म्हणतात. भार पुढे सरकला तर सारा बोजा मानेवर, ती 'धुरजड'. आमच्या जालना जिल्ह्यात आता माल टेम्पोने नि ट्रॅक्टरने जातो. वर्गात हे शब्द फळ्यावर लिहिले, की पोरे माझ्याच तोंडाकडे पाहत बसतात!

पण परवा हे शब्द भलत्याच ठिकाणी कामी आले. तंत्रनिकेतनातल्या चार मुलांनी स्पर्धेसाठी यंत्रमानव केला होता. (मानव कसला, चार चाकांचा पाट आणि त्यावर एक लांब हात!) या स्पर्धांना पोरखेळ समजू नये. २००८ साली आशिया-पॅसिफिक देशांची 'रोबोकॉन' पुण्यात झाली. डाव होता आपल्या दहीहंडीवर बेतलेला, आणि अजिंक्यपद नेले चीनच्या शिआन जिआओतोंग विद्यापीठाने!

मुलांचे यंत्र चेंडू उचलायला हात पुढे करी, की मागची चाके अधांतरी. वर्गणीचे पैसे संपलेले, स्पर्धा तोंडावर.

"सर, मोठी मोटर लागेल," एकजण म्हणाला.

"अरे, गाडी धुरजड झाली आहे तुमची!"

बॅटरी म्हणजे यंत्रातला सर्वांत जड ऐवज; ती हाताच्याच बाजूला, वरच्या फळीवर बसवलेली. ती मागे घ्यायची आणि खालीही. गुरुत्वमध्य जमिनीपासून ४० सेंटिमीटर उंच आणि चाकांच्या रेषेपासून २० सेंटिमीटर आत असेल, तर यंत्र सुमारे २७ अंश कलले की उलटते. तीच उंची २० वर आणली, तर ४५ अंशांपर्यंत तग धरते.

चासीचा चौकोनही डुगडुगत होता. चौकोनाचे चारही खिळे पक्के असले तरी तो तिरपा होतो. त्रिकोण होत नाही. म्हणून एक तिरकस पट्टी मारली. जालना पडले सळईचे गाव, तेव्हा पोरांनी भरीव लोखंड वापरलेले. ॲल्युमिनियमचे वजन लोखंडाच्या तिसऱ्या हिश्शाइतके, पण ताठपणाही तेवढाच. म्हणून त्याची पट्टी न घेता पोकळ चौकोनी नळी घ्यावी. मुलांना भंगारात नळीचे तुकडे मिळाले.

"पण सर, हात आखडला तर उलार नाही ना होणार?"

प्रश्न रास्त होता. दोन वजनकाटे आणून एकावर पुढची चाके ठेवली, दुसऱ्यावर मागची. हात पुढे केला तेव्हा पुढे १३ किलो, मागे ९. आखडला तेव्हा पुढे ९, मागे १३.